परळची प्रयोगशाळा आणि गर्भिणीचा थकवा

पांचवा-सहावा महिना लागला कीं गर्भवतीच्या ओकाऱ्या बहुधा थांबतात, पोटांतील बाळाची हालचाल कळूं लागते आणि घरांत डोहाळजेवणाचे बेत सुरू होतात. अशा वेळीं जिना चढतांना तिला धाप लागली, पायांवर सूज आली किंवा तोंडावरचा रंग उतरला, तर 'दोन जिवांची आहे, असें व्हायचेंच' असें म्हणून वडीलधाऱ्या बायका तिचें समाधान करतात. पुष्कळदां हें समाधान खरेंही ठरतें. परंतु शंभर वर्षांपूर्वींच्या मुंबईंत तें अनेक मातांच्या जिवावर बेतलें.

त्या काळीं गिरण्यांत राबणाऱ्या व गरीब वस्त्यांत राहणाऱ्या स्त्रियांना गर्भारपणीं तीव्र पांडुरोग जडत असे. रक्तांतील तांबड्या पेशींची संख्या घटे, आणि ज्या उरत त्या आकारानें अवाजवी मोठ्या असत. थकवा, धाप आणि फिकटपणा हीं त्याचींच लक्षणें होतीं. डॉ. मार्गारेट बाल्फर यांनीं भारतांतील मातामृत्यूंच्या चौकशीचें काम हातीं घेतलें होतें. त्या कामासाठीं १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेंत त्यांनीं संशोधन आरंभिलें.

हा रोग जंतूंमुळें होत असावा, अशी शंका प्रथम घेण्यांत आली. पण तपासाअंतीं तिला आधार मिळाला नाहीं. मग विल्सबाईंची दृष्टि रोग्याच्या ताटाकडे वळली. मेहता व तळपदे या सहकाऱ्यांच्या साहाय्यानें त्यांनीं मुंबईंतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. ज्यांचें अन्न सर्वांत निकस, त्यांनाच हा रोग अधिक जडतो, असें त्या पाहणींत दिसून आलें. गर्भाची वाढ होत असतां मातेच्या शरीराची गरज वाढते. ताटांत मात्र वाढ होत नाहीं. रोगाचें मूळ येथें होतें.

उपाय शोधण्यासाठीं उंदरांवर व माकडांवर प्रयोग झाले. मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखा आहार दिलेल्या माकडांत तसाच पांडुरोग उद्भवला, आणि मार्माइट या यीस्टच्या अर्कानें तो बरा झाला. हा अर्क दारू गाळण्याच्या धंद्यांत उरणाऱ्या यीस्टपासून बनतो व स्वस्त असतो. पांडुरोगावर यकृताचा उपयोग होतो, हें १९२६ सालापासून ठाऊक होतें. पण तें महाग पडे, शिवाय शाकाहारी घरांत तें चालण्यासारखें नव्हतें. हाच अर्क देतां रुग्ण स्त्रियाही सुधारूं लागल्या. १९३१ सालीं विल्सबाईंनीं ही हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध केली.

त्या अर्कांत नेमकें कोणतें द्रव्य आहे, हें तेव्हां कळलें नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या भाजींतून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हें नांव मिळालें, आणि पुढें विल्सबाईंच्या अज्ञात घटकाचें कोडें त्यानेंच सुटलें. गर्भधारणेपूर्वींपासून तें घेतल्यास अर्भकाच्या पाठीच्या कण्यांत उपजणारें एक व्यंग बहुतांशीं टळतें, हें १९९१ सालीं सिद्ध झालें. आज आपल्या देशांत गर्भवतींना लोहाबरोबर ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांत हेंच द्रव्य असतें.

बाळंतपण हा स्त्रीचा दुसरा जन्म, असें आपल्याकडे म्हणतात. तो जन्म सुखरूप व्हावा म्हणून मधल्या महिन्यांतील तक्रार ऐकून घेणें, रक्त व रक्तदाब तपासणें हें आवश्यक आहे. सूज पांडुरोगाचीच असेल असें नाहीं. तिच्याबरोबर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी किंवा रक्तस्राव असेल, तर तासभरही न थांबतां डॉक्टरांकडे जावें. विल्सबाईंच्या संशोधनाचा प्रारंभ ज्या थकव्यापासून झाला, तो थकवा घरोघरीं दिसत होता. प्रश्न विचारणारें मात्र तोंवर कोणी भेटलें नव्हतें.