छापखान्याचा मळ आणि डहाणूची यादी

छापखाना म्हटला कीं शाईनें काळवंडलेले हात, रॉकेलचा वास आणि खिळ्यांच्या पेट्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. जुन्या छापखान्यांत शिसें वितळविण्याची भट्टी असे, आणि खिळे जुळविणाऱ्यांच्या शरीरांत तें शिसें कणाकणानें उतरत असे. पुढें ऑफसेट यंत्रें आलीं; शिसें गेलें, पण रूळ धुण्याचीं द्रावणें आणि पाण्यांत मिसळावयाचें अल्कोहोल त्याच्या जागीं आलें. हा मळ कमी कसा करावा याचा विचार त्या धंद्यांतील जाणती मंडळी करीत असतात, व तो अवश्यहि आहे. परंतु आमच्या मतें छापखान्याचा मोठा मळ छापखान्यांत पडतच नाहीं. जेथें कागदाचा लगदा शिजतो तेथें, आणि जेथें यंत्रें फिरविणारी वीज निपजते तेथें, तो पडतो. वाचकांस हें विधान अतिशयोक्तीचें वाटल्यास त्यांनीं पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांचा अर्वाचीन इतिहास अवश्य पाहावा.

या प्रदेशाची ख्याति छपाईकरितां नाहीं, चित्रांकरितां आहे. वारल्यांच्या घरीं लग्नाचा चौक लिहितात तो कुडाच्या, शेणामातीनें सारवून गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर. रंग तांदळाच्या पिठाचा, लेखणी बांबूच्या चघळून मऊ केलेल्या काडीची, आणि लिहिणाऱ्या सुवासिनी. पुढें भिंत पुन्हां सारवली कीं तें चित्र मातींत मिळून जाई. मागें राखहि उरत नसे. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीनें या भिंतीपाशीं कागद पोहोंचला, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं तो इतका आपलासा केला कीं २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. याबद्दल हळहळणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. कागदावर आलें म्हणूनच तें चित्र जगानें पाहिलें. मात्र भिंतीवरून कागदावर येतांना त्यानें एक नवें ऋण पत्करलें, आणि तें ऋण कोणाचें हें विचारणें प्राप्त आहे.

महाराष्ट्रांत कागद नेहमींच रानांतून येत होता असें नाहीं. जुन्नरचे कागदी जुन्या गोणपाटाचे तुकडे कुटून, धुवून त्यांचा कागद करीत. म्हणजे एका वस्तूचें आयुष्य संपलें कीं दुसरीचें सुरू होई. हीच परंपरा नव्यानें उभी करण्यासाठीं १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली, आणि सुती चिंध्यांपासून तिनें उत्तम कागद करून दाखविला. परंतु वाढत्या मुद्रणाची भूक चिंध्यांनीं भागणारी नव्हती. १९४५ सालीं बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली, व चांदा जिल्ह्याचा बांबू पुढें मराठी पुस्तकांचीं पानें बनूं लागला.

त्याच १९४५ सालीं इकडे ठाणें जिल्ह्यांत काय चाललें होतें? डहाणू आणि उंबरगांव तालुक्यांतील रानांत लांकूड तोडणारा वारली ठेकेदाराच्या मर्जीवर जगत होता, व शहरच्या तबेल्यांसाठीं गवत कापणारा जमीनदाराच्या वेठीस बांधला होता. २३ मे रोजीं झरी येथें, म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यांत, किसान सभेच्या परिषदेंत वारल्यांनीं वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाडें येथें जमावावर गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. बांबूचा कागद आणि वारल्यांचा संप यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता, हें आम्ही जाणतों. पण रानाचा माल शहरांत किती स्वस्त पडावा हें शहरानेंच ठरवावयाचें, आणि त्याची उणीव रानांतल्या माणसानें भरून काढावयाची, हा व्यवहार दोहों ठिकाणीं एकच होता. आम्हां मध्यमवर्गीयांस हा लढा घरबसल्या कळला तो बव्हंशीं गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या ग्रंथानें, म्हणजे पुन्हां कागदावरूनच!

आतां विजेची गोष्ट. मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविण्यासाठीं डहाणूच्या खाडीकांठीं ५०० मेगावॅटचें औष्णिक केंद्र उभारण्यास १९८९ च्या मार्चांत केंद्र सरकारनें मंजुरी दिली. चिकूच्या बागाईतदारांनीं व इतर नागरिकांनीं न्यायालयांत धांव घेतली. परंतु १९ मार्च १९९१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांची याचिका फेटाळली. तीन महिने लोटले आणि लगेच २० जून रोजीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचें अधिसूचनेनें जाहीर केलें, सर्व उद्योगांस मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली, आणि तालुक्याभोंवतीं पंचवीस किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मुक्त राखण्यास सांगितलें. तलासरी त्या पट्ट्यांत आली. मोठा हत्ती आंत घेऊन मग दार लावून घेतल्याचा हा प्रकार होता, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं.

परंतु त्या अधिसूचनेस जोडलेली यादी मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. उद्योगांचे हिरवे, नारिंगी व तांबडे असे तीन वर्ग. हिरव्यास मोकळीक, नारिंगीस केंद्राच्या संमतीचें बंधन, तांबड्यास मज्जाव. हिरव्या वर्गांत पिठाच्या गिरण्या आहेत, शिवणकाम आहे, बांबूच्या वस्तू आहेत, फाउंटन पेनें आहेत, आणि पुठ्ठ्याच्या व कागदाच्या वस्तूहि आहेत. मात्र या शेवटल्या नोंदीपुढें कंस करून कागद व लगदा तयार करण्याचें काम वगळलें आहे. कागद कापा, दुमडा, चिकटवा. शिजवूं मात्र नका. कागदाच्या धंद्यांत घाण कोणत्या पायरीवर होते, हें त्या कंसानें एका ओळींत सांगितलें. अर्थात् डहाणूस न शिजलेला लगदा दुसऱ्या कोणाच्या तरी नदीकांठीं शिजतो, हें कंसांत लिहिलेलें नाहीं.

विजेचा हिशेब चुकता व्हावयास मात्र फार काळ लागला. केंद्र १९९५ सालीं सुरू झालें. सुमारें २७५ मीटर उंचीच्या धुराड्यांतून निघणारा गंधकाचा वायु धुवून काढण्याचें यंत्र बसवावें कीं नाहीं, हा वाद मूळ मंजुरीपासूनच चाललेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निर्णयानंतर त्या डिसेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलें गेलें. १९९९ सालीं प्राधिकरणानें तें यंत्र बसविण्याचा आदेश दिला. आणि तें प्रत्यक्ष चालू झालें २००७ सालीं! समुद्राचें पाणी स्वभावतःच किंचित् क्षारयुक्त असल्यानें तें गंधकाचा वायु शोषून घेतें, एवढेंच त्या यंत्राचें मर्म. बारा वर्षेंपर्यंत उपनगरांतील छपाईयंत्रेंहि न धुतलेल्या धुरावर फिरलीं, आणि तो धूर चिकूच्या बागांवरून वाहत राहिला.

यादी म्हणजे शेवटीं शब्दच. वाढवणच्या बंदरास प्राधिकरणानें १९९८ सालीं साफ नकार दिला होता, कारण बंदर हा तांबड्या वर्गांतील उद्योग. एप्रिल २०२० मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें बंदरें हीं ‘बिगर-औद्योगिक’ ठरविलीं. ३१ जुलै २०२३ रोजीं त्याच प्राधिकरणानें, अर्थात् नव्या सदस्यांनिशीं, अटी घालून अनुमति दिली. किनारा तोच, समुद्र तोच, रंग बदलला.

मुद्रणास तर अशा यादीचा विचार देशभर करावयाचा झाल्यास आरंभ कोठून करावा हाहि प्रश्नच आहे. प्रत्येक छापील पुस्तकावर व नियतकालिकावर छापणाऱ्याचें नांव व ठिकाण असावें, असें १८६७ च्या कायद्यानें बंधन घातलें, तें सरकारच्या सोयीसाठीं. पुस्तक कोणी छापलें हें सरकारास हवें होतें. तो कायदा दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला, आणि १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांकरितां नवा कायदा अमलांत आला. हातांतल्या पानाचा बांबू कोठचा, लगदा कोणत्या नदीवर शिजला, हें छापण्याचें बंधन दोहोंपैकीं एकाहि कायद्यांत नाहीं.