मोडीत काय काढायचे?

भंडारा हे पितळेचे गाव. तिथे 'मोड' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. फुटका गुंड, चेपलेली परात, झिजलेला तांब्या तराजूत टाकायचा, मोडीचा भाव वजा करून नवे भांडे घरी आणायचे. निर्णय सोपा असतो, कारण पितळ वितळले की पुन्हा पितळच होते. त्याच गावच्या गॅरेजात मोटारसायकलचे इंजिन खोलून फडक्यावर मांडले की तोच प्रश्न एकदम अवघड होतो. झिजलेला भाग ठेवायचा, कापून पुन्हा वापरायचा, की मोडीत काढायचा? गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत बदलत गेली. ती रीत ठरवताना यंत्रशास्त्राइतकाच वाटा टंचाईचा होता, आणि पुढे सरकारी कागदाचाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे फटफटी रुळली ती मोजक्या कंपन्यांमुळे. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली, १९६१ मध्ये म्हैसूरहून जावा येऊ लागली आणि त्याच सुमारास एस्कॉर्ट्सने पोलंडच्या नमुन्यावर १७३ सीसीची राजदूत काढली. या तिघींनी खेड्यापाड्यातले रस्ते तुडवले. दूधवाले, ग्रामसेवक, शाळामास्तर, धानाचे दलाल यांच्या दारात त्या उभ्या असत. परवान्यांचे राज्य होते आणि परकीय चलनाची चणचण होती. नवी गाडी सहज मिळत नसे, म्हणून जुनी टिकवणे भाग होते. 'बदलू की नको' हा प्रश्न त्या काळी पुष्कळदा विचारलाच जात नसे. असलेल्या भागातून अजून किती काम निघेल, एवढेच पाहिले जाई.

आणि काम निघे. त्या इंजिनांचा सिलिंडर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ब्लॉक, बिडाचा आणि जाड भिंतीचा असे. पिस्टन वर्षानुवर्षे घासून भोक मोठे आणि किंचित लंबगोल झाले की बोअरिंगवाला ते मशीनवर कापून पुन्हा गोल करी आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसे. ही मापे साधारणपणे पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढत: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. पिस्टनच्या माथ्यावर तो आकडा ठोकलेला असे. म्हणजे ब्लॉकला जन्मतः चार पुनर्जन्म मंजूर होते आणि प्रत्येक बोअरिंगला त्यातला एक खर्ची पडे. जुनी गाडी विकत घेणारा जाणकार म्हणूनच रंगापेक्षा या आकड्याची चौकशी करी. ०.२५ वरची गाडी आणि १.०० वरची गाडी बाहेरून सारखीच दिसली तरी दुसरीच्या ब्लॉकची शिल्लक संपलेली असे. ५० मिमी भोकाच्या ९७ सीसी इंजिनात शेवटच्या पायरीचा पिस्टन टाकला की ते १०१ सीसीचे होते. त्याने ताकद वाढते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती वाढ पाठीमागे बसलेल्यालाही कळणार नाही.

चांगल्या मिस्त्रीची ओळख मात्र बोअरिंग करण्यात नव्हती, ते कधी करायचे नाही हे ओळखण्यात होती. टू-स्ट्रोक गाडी चढावर धापा टाकू लागली की मालक पिस्टन गेला म्हणून मोकळा होई. कित्येकदा दोष असे तो सायलेन्सरमध्ये आणि धूर जाण्याच्या वाटेत साचलेल्या काजळीचा. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल जळून ती धरते. काजळी खरवडली की तेच इंजिन पुन्हा पळे.

झीज खरीच झाली असेल तर ती मोजायची कशी? भोकाचे माप घेणारे नाजूक उपकरण तालुक्याच्या गॅरेजात क्वचितच असे. पण फिलर गेजची पात्याची जुडी आणि पिस्टनची एक रिंग एवढ्यावर काम भागे. या युक्तीतले गणित सुंदर आहे. रिंग एकट्याने ब्लॉकमध्ये सारायची, पिस्टनने ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजायची. हे आधी अगदी तळाशी करायचे. तिथपर्यंत रिंग पोचत नाही, त्यामुळे भोक जवळजवळ मूळ मापाचेच राहते. मग तेच वरच्या टोकापासून थोडे खाली करायचे. ज्वाळेचा दाब आणि तेलाची टंचाई दोन्ही तिथे असल्याने झीज तिथेच सर्वांत जास्त होते. व्यास जितका वाढतो त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो आणि ती सगळी वाढ फटीत दिसते. तळाशी ०.२० मिमी फट आणि वर ०.५५ भरली, तर फरक ०.३५. त्याला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज ०.११ मिमी निघते. लहान इंजिनाला सोसणारी झीज साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते, म्हणजे हा ब्लॉक बोअरिंगला गेला. फरक नगण्य असेल तर नुसत्या रिंगा बदलून चालते. केसाएवढी झीज तिप्पट मोठी करून दाखवणारी ही पद्धत भूमिती न शिकलेल्या हातांनीही बिनचूक वापरली.

ब्लॉक-पिस्टनपुरत्या कामाला 'हाफ इंजिन' म्हणतात. चेंबर फोडून क्रँक बाहेर काढला की ते 'फुल इंजिन'. मिस्त्री आणि मालक यांच्यातली खरी ओढाताण या दोन शब्दांच्या मध्ये होते. खर्च कितीतरी वाढतो, आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात मोठा खर्च धान विकले जाईपर्यंत पुढे ढकलला जाणे साहजिकच आहे. मालकाला वाटते, हा उगाच बिल फुगवतोय. मिस्त्रीचे म्हणणे असते की वर नवा पिस्टन टाकला की दाब वाढेल आणि खालचे थकलेले बेअरिंग महिन्याभरात बोलू लागेल. दोघांनाही पटेल अशी परीक्षा एकच. कनेक्टिंग रॉड हाताने सरळ वर-खाली ओढून पाहायचा. बाजूला हलणे त्याच्या रचनेतच असते, त्याला घाबरू नये. पण वर-खाली टक् असा जरासा खेळ जाणवला तर चेंबर फोडण्यावाचून गत्यंतर नाही. दाबून बसवलेला क्रँक प्रेसवर उघडायचा, नवी पिन आणि बेअरिंग घालून पुन्हा जुळवायचा आणि डायलवर फिरवून सरळ करायचा. ही कसबी लेथवाल्याची कामगिरी आहे.

काही भागांपुढे मात्र काटकसर करूच नये. गजन पिन जागेवर धरणारी तारेची क्लिप काही रुपयांची असते. जुनी ताणलेली क्लिप परत घातली आणि ती सुटली, तर नुकताच कापलेला ब्लॉक उभा चिरते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या टोकाचे ऑइल सील तितकेच महत्त्वाचे. रबर कडक झालेल्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि नवाकोरा पिस्टन तापून जाम होतो. दोष पिस्टनच्या कंपनीला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वाया गेलेल्या इंजिन-कामांचे मूळ अशा स्वस्त भागांवरच्या बचतीत सापडेल.

१९८५ हे या कथेतले वळण. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या. त्यांच्याबरोबर जपानी शिस्तीची पुस्तिका आली. तीत प्रत्येक भागाचे मूळ माप आणि त्यापुढे 'इथवर चालेल, पुढे नाही' असा आकडा असतो. आतापर्यंत मिस्त्रीच्या बोटांत असलेला निवाडा छापील तक्त्यात गेला. सुटे भाग पाकिटबंद मिळू लागले, त्यांच्या मागोमाग नकली पाकिटेही आली. दुरुस्त करणाऱ्या हाताचा मान कमी झाला हे खरे. पण अंदाजपंचे 'अजून चालेल' म्हणून पाठवलेल्या गाड्याही कमी झाल्या, हेही विसरू नये.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि येझदीवाल्यांवर जुना काळ परतून आला. चौथी पायरीही संपलेल्या ब्लॉकचे आता काय करायचे? उत्तर लेथवाल्याकडेच होते. भोक आणखी मोठे कापून त्यात बिडाची नवी स्लीव्ह दाबून बसवायची आणि ती मूळ मापाला कापायची. म्हणजे हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू. नव्या गाड्यांपैकी काहींना ही सोय उरलेली नाही. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकच्या सिलिंडरला आतून निकासिलचा पातळ, अतिशय कठीण थर असतो. तो फार काळ झिजत नाही. पण ओरखडला की नेहमीचे बोअरिंग चालत नाही, ब्लॉक आणि पिस्टन जोडीने बदलावे लागतात.

एका भागाबाबतचा निर्णय मात्र गॅरेजात होत नाही. चेंबरवर इंजिनाचा क्रमांक कोरलेला असतो आणि तोच नोंदणीच्या पुस्तकात असतो. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. त्या परंपरेतल्या नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे एकेक अंग दाखवून विचारले होते, यातला रथ कोणता? मोटार वाहन कायद्याने आपले उत्तर देऊन ठेवले आहे: चॅसिसचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक. तुटलेल्या चेनने चेंबर फोडले तर नवे मिळाले तरी त्यावर तो आकडा नसतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. एमएच-३६ ची पाटी लावलेली जुनी राजदूत त्या रांगेत उभी राहते तेव्हा पिस्टन कितव्या मापाचा आहे हे कोणी विचारत नाही, क्रमांक जुळतो का ते पाहतात. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्रँक सगळे खुशाल बदलणारा मालक फुटके चेंबर तेवढे वेल्डिंगवाल्याकडे नेतो, आणि क्रमांकाच्या जागेला आच लागू नये म्हणून शेजारी उभा राहतो.