कागदाच्या जागी स्कॅनर

जुन्या निगेटिव्ह संगणकात घ्यायच्या म्हटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्कॅनर किती डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपणारा, घ्यायचा? दुकानदारही आकडाच सांगतो, आणि मोठ्या आकड्याचा स्कॅनर चांगला असं धरून व्यवहार उरकतो. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. निगेटिव्ह कोणत्या काळातली, कशावर घेतलेली आणि कोणत्या कागदासाठी तयार केलेली, हे आधी विचारायला हवं. कारण निगेटिव्ह कधी स्वतःपुरती बनत नव्हती. ती कागदाकडे बघून बनायची, आणि कागद बदलला की तिचा आकार आणि दाटपणा बदलायचा. स्कॅनर आज त्या कागदाच्या जागी येऊन बसला आहे. स्टुडिओवाला निगेटिव्ह आणि कागद यांचा मेळ घालायचा, तसाच आपणही निगेटिव्ह आणि स्कॅनर यांचा घातला पाहिजे.

ओल्या कोलोडियनची रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली इंग्लंडमध्ये जाहीर केली आणि तीनच वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक फोटोग्राफर त्यातून तयार झाले. कामाची रीत मोठी कष्टाची होती. काच घासून लख्ख करायची, तिच्यावर कोलोडियन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची. मग अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद तिच्याखाली दाबून दोन्ही उन्हात ठेवायचे. छपाई अशी काचेला कागद भिडवून होई, म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंच आणि हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंच, ही मापं तेव्हा रुळलेली होती. उन्हात उमटणारा हा कागद सौम्य होता. फिकट निगेटिव्ह दिली तर फोटो मेंगळट येई. त्यामुळे निगेटिव्ह मुद्दाम दाट काढत. आज अशी काच उजेडाकडे धरली तर त्यातलं पांढरं धोतर काळंठिक्कर दिसतं. ती त्या माणसाची चूक नव्हे. त्याच्या कागदाचा तो हिशेब होता.

१८८० च्या आसपास जिलेटिनच्या कोरड्या, तयार काचा बाजारात आल्या आणि फोटोग्राफरची ओल्या कामातून सुटका झाली. राजा दीनदयाळांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला तो या काळात. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. पुढे ब्रोमाइड कागद आणि एन्लार्जर आला, छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो काढता येऊ लागला, आणि निगेटिव्ह आक्रसत गेली. १२० चा रोल १९०१ चा, पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची तयार डबी १९३४ ची, आणि रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही पुढे जगभर चाललेली रीत १९७२ ची. गावोगावच्या कलर लॅब याच रीतीवर चालल्या.

आता यंत्राकडे वळू. संगणकात उतरवलेलं पहिलं छायाचित्र १९५७ चं. अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा पाच सेंटिमीटरचा फोटो फिरत्या ड्रमवर लावून वाचला. उभे-आडवे १७६ ठिपके, बस. छापखान्यांतले स्कॅनरही फिरत्या ड्रमचेच असत. सामान्य माणसाच्या टेबलावर फिल्म स्कॅनर आला तो मात्र १९९० नंतर, आणि तेव्हा घराघरांत होती ती पस्तीस मिलिमीटरची रंगीत फिल्म. यंत्रं तिच्याच मापाची बनली. त्या काळातल्या नावाजलेल्या निकॉन कूलस्कॅनमधली इन्फ्रारेड धूळसफाई बघा. रंगीत फिल्मवरचे रंग इन्फ्रारेड किरणांना आरपार जाऊ देतात. धूळ आणि ओरखडे अडवतात. यंत्राला नेमकं काय पुसायचं ते कळतं. पण जुन्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं, आणि चांदीसुद्धा हे किरण अडवते. तिथे यंत्र चित्रालाच धूळ समजून बसतं. प्रकाशाचंही तसंच. अशा यंत्रातला सरळ रेषेत येणारा तीव्र उजेड चांदीच्या कणांवर विखुरतो, त्यामुळे काळं-पांढरं अधिक ताठर होतं आणि निगेटिव्हवरचा प्रत्येक चरा उठून दिसतो. ज्या गुणांमुळे ते स्कॅनर गाजले, ते गुण एका विशिष्ट काळच्या फिल्मसाठी होते. हे विसरून तेच यंत्र स्टुडिओतल्या जुन्या पेटाऱ्याला लावायचं, म्हणजे अल्ब्युमेनसाठी दाट काढलेली निगेटिव्ह ब्रोमाइडवर छापण्यासारखं आहे.

मग जुन्या काचांसाठी सपाट काचेचा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या म्हटलं की लगेच आक्षेप येतो: फ्लॅटबेड स्कॅनर तर कच्चा, ६४०० डीपीआय लिहिलेल्या यंत्रातून प्रत्यक्षात तेवीसशेच्या आसपासच तपशील निघतो. खरं आहे. पण तो आकडा निगेटिव्हच्या मापाला लावून पाहा. पस्तीस मिलिमीटरच्या चौकटीतून २३०० डीपीआयने जेमतेम सात मेगापिक्सेल मिळतात. तिथे ४००० डीपीआयचा खास फिल्म स्कॅनर एकवीस देतो, आणि तिथे त्याला तोड नाही हे मी मोकळेपणाने मान्य करतो. १२० च्या सहा बाय सहाच्या निगेटिव्हमधून त्याच ‘कच्च्या’ फ्लॅटबेडवर पंचवीसेक मेगापिक्सेल येतात. हाफ प्लेटच्या काचेतून दीडशेच्या वर येतात, आणि त्याहून जास्त तपशील त्या काळच्या भिंगांनी क्वचितच टिपलेला असेल. मग फ्लॅटबेड घेताना विचारायचं ते वेगळंच: झाकणातल्या दिव्याची पट्टी किती रुंद आहे? स्वस्त मॉडेलमध्ये ती जेमतेम सात सेंटिमीटर असते. हाफ प्लेट तिच्याखाली मावतच नाही. एप्सनच्या व्ही ८५० सारख्या यंत्रात आठ बाय दहा इंचांपर्यंत उजेड पोचतो, म्हणजे फुल प्लेटही बसते. दाट काचेसाठी सोळा बिटचा स्कॅन हवा, नाहीतर ते पांढरं धोतर सपाट डाग होऊन बसेल. काच कोणत्या बाजूने ठेवली याकडेही लक्ष हवं. गुळगुळीत बाजू स्कॅनरच्या काचेला चिकटली तर इंद्रधनुषी वलयं उमटतात, म्हणून कडेला जाड कागदाच्या पट्ट्या देऊन प्लेट किंचित उचलायची. आणि चित्र उलटं आलं तर मराठी बाईचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो. नाव-गाव ठाऊक नसलेल्या फोटोत ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गिऱ्हाइकाने घरी नेला तो फोटो. भिंतीवर लागला, हार चढला तोही फोटोच. इतिहास त्याचा असेल तर निगेटिव्हच्या मागे कशाला लागायचं? फोटोच स्कॅन करावा. फोटो स्कॅन करायलाच हवा, पण तो निगेटिव्हचा पर्याय नाही. अल्ब्युमेन पिवळा पडतो, आणि छापताना कडा कापलेल्या असतात. काचेवर मात्र रंगवलेल्या पडद्याची कड आणि खालची उघडी फरशी राहिलेली असते. शिवाय काचेवर आणखी एका माणसाचं काम असतं, रिटचिंग करणाऱ्याचं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निगेटिव्हवर पारदर्शक दिसतात. तिथे तो अणकुचीदार पेन्सिलने स्वल्पविरामाएवढे बारीक फटकारे मारत जायचा, म्हणजे कागदावर ती जागा उजळायची. गालावरचे देवीचे व्रण, कपाळावरची आठी असंच भरून काढायचा. पार्श्वभूमी पांढरी हवी असेल तर चेहऱ्याच्या कडेकडेने लाल रंग लावायचा. फोटोत हे दिसू नये हेच त्याचं कौशल्य, आणि म्हणून त्याचं नाव कुठेच नाही. त्याचा हात शिल्लक आहे तो फक्त काचेवर. प्लेट कडेसकट, कुठलीही सफाई न करता स्कॅन केली तर तो दिसतो. ‘डस्ट रिमूव्हल’ची खूण केली तर एका क्षणात पुसला जातो. मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा ठेवावा आणि साफसूफ प्रतीवर करावी, हा माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

एवढा विचार करत बसायला वेळ आहे का, लाइटबॉक्सवर ठेवून चांगल्या कॅमेऱ्याने भराभर टिपून का घेऊ नयेत, असंही विचारलं जातं. कॅमेऱ्याला माझी ना नाही. मॅक्रो लेन्स असेल, कॅमेरा आणि निगेटिव्ह अगदी समांतर असतील आणि उजेड सगळीकडे सारखा असेल, तर पस्तीस मिलिमीटरच्या आणि १२० च्या ढिगासाठी ती उत्तम वाट आहे. घाईचा मुद्दाही खरा, पण सगळ्यांच्या बाबतीत सारखा खरा नाही. १९४८ मध्ये ट्रायअॅसिटेट फिल्म ‘सुरक्षित’ म्हणून आली, कारण आधीची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची. पण ही ‘सुरक्षित’ फिल्मही सडते ही पहिली तक्रार दहा वर्षांच्या आतच कोडॅककडे गेली, आणि ती गेली भारत सरकारकडून. उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या फिल्मबद्दल. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कपाटांची हवा तीच आहे. काच मात्र आपटली नाही आणि ओल लागून तिच्यावरचा थर सुटला नाही तर थांबू शकते. म्हणून पेटाऱ्यातला एकेक डबा उघडून आधी वास घ्यावा. व्हिनेगरचा आंबट दर्प आला, फिल्म कडेला वळायला लागलेली दिसली, तर ती त्याच आठवड्यात हाताशी असेल त्या यंत्राने उतरवून घ्यावी आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी. पिवळी, चिकट झालेली नायट्रेट स्कॅनरच्या दिव्याखाली घालूच नये. ती जाणकाराकडे द्यावी. काचा दोन कागदांच्या मधे उभ्या ठेवाव्यात, आणि त्यांच्यासाठी रुंद दिव्याचा फ्लॅटबेड मिळेपर्यंत सावकाश थांबावं.