नव्याच्या सणाचा गोडवा

ज्यू नववर्षाच्या, म्हणजे रोश हशानाच्या जेवणात सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. वर्ष गोड जावे, ही भावना. जर्मनीकडच्या ज्यूंची ही रीत १४व्या शतकातल्या धर्मग्रंथात नोंदलेली आहे. पण बायबलमधल्या 'दुधा-मधाच्या देशा'तला मध म्हणजे खजुराचा पाक, असेच बहुतेक पंडित मानीत. २००७ मध्ये इस्रायलमधल्या तेल रेहोव्हच्या उत्खननात सुमारे २,९०० वर्षांपूर्वीची, माती आणि पेंढ्याची तीसेक मधपेट्यांची रांगच सापडली! मधमाशा तिथे पाळत होते खास.

आपल्या कोकणातले बेने इस्रायल याला 'नव्याचा सण' म्हणतात. त्यांचा मान गव्हाच्या चिकाच्या हलव्याला. तो शिजतो नारळाच्या दुधात. कारण मटणाच्या जेवणावर गाई-म्हशीचे दूध त्यांच्या धर्मात चालत नाही.