निष्क्रमण ते फुलराणी

तान्ह्या मुलाला प्रथमच घराबाहेर नेण्याच्या विधीला गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती धर्मकृत्यांच्या सूत्रग्रंथांत, निष्क्रमण म्हटले आहे. पारस्कर गृह्यसूत्रानुसार तो चौथ्या महिन्यात होई आणि त्यात बालकाला सूर्यदर्शन घडविले जाई. पुढे मूल चालू लागले की त्याचे बाहेरचे जग बहुधा देऊळ, बाजार आणि जत्रा एवढेच असे; केवळ मुलांच्या आनंदासाठी जागा राखण्याची कल्पना अलीकडच्या नगरपालिकांच्या काळात रुजली, आणि ती निःसंशय मोलाची आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी, नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या तळ्याच्या परिसरात, महापालिकेने १९५३ साली पेशवे उद्यान उभारले आणि १९५६ मध्ये तेथे फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली. बुटक्या डब्यातील बाकावर आईला बिलगून बसलेले, शिट्टी वाजताच दचकून तिचा पदर घट्ट धरणारे आणि पहिले वळण सरताच झाडांकडे बोट दाखविणारे दोन-अडीच वर्षांचे मूल कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही, पण उद्यानाचे प्रयोजन तेच होते. पुढे तेथील प्राणिसंग्रहालय कात्रजला हलले, तळेही बुजविले गेले. त्याच तळ्यात असलेल्या, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळातील, १७८४ सालच्या मंदिरातील गणपतीला मात्र लोक आजही तळ्यातला गणपतीच म्हणतात.