एझिकेल, निसीम
(१६ डिसेंबर १९२४–९ जानेवारी २००४). इंग्रजीतून लिहिणारे भारतीय कवी व प्राध्यापक. जन्म मुंबईत, बेने इस्रायल कुटुंबात. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९४८ मध्ये ते लंडनला गेले. ‘अ टाइम टू चेंज’ हा पहिला संग्रह १९५२ मध्ये तिथेच निघाला. परतीच्या प्रवासात त्यांनी मालवाहू जहाजावर डेक घासला. पुढे मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख, नंतर मुंबई विद्यापीठात अध्यापन. विंचू चावलेली आई आणि भोवती गोळा झालेले शेजारी यांवरची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ पाठ्यपुस्तकांमुळे सर्वतोमुखी झाली. देशी वळणाच्या इंग्रजीतल्या त्यांच्या कवितांना मात्र अनेकांनी निव्वळ थट्टेत काढले, हे अन्यायाचेच. वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कविताही इंग्रजीत नेल्या. साहित्य अकादेमी पुरस्कार (१९८३), पद्मश्री (१९८८).