पावकीपासून चिंचोक्यापर्यंत

आमच्या पिढीतील अनेकांनी आजोबांच्या तोंडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी ऐकलेली आहे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला, शुभंकरोति झाली की परवचा सुरू होई. बडोद्याच्या वाड्यांतून एका घरातला पाढा शेजारच्या घरात ऐकू येई आणि चुकला तर दुरुस्तीही तिकडूनच होई!

ही पद्धत पंतोजींच्या शाळेतून आलेली. धूळपाटीवर बोटाने अंक गिरवायचे आणि उजळणी एका सुरात म्हणायची. तिचा व्यवहारात मोठा उपयोग होता. ज्याला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा येई, तो साडेतीन रुपये भावाच्या सहा शेरांचे एकवीस रुपये कागद न घेता सांगे. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला औट म्हणजे किती, हे कोणी दाखवीत नसे. पाठांतर आधी, छडी सोबत आणि समज आलीच तर पुढे केव्हातरी, असा तो क्रम होता.

गंमत अशी, की त्याच मुलाचे खरे गणित अंगणात चाललेले असे. सागरगोटे झेलताना, पटावर कवड्यांचे दान मोजताना ते बेरीज-वजाबाकी करीतच होते. विटीदांडूतले वकट, लेंड, मूंड हे शब्द तर तेलुगू अंकांशी नाते सांगणारे. खेळाने परभाषेतले अंकही आपल्या मुलांच्या तोंडी सहज बसवले. मोठ्यांना मात्र तो अभ्यास वाटत नव्हता.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, याचा आम्हा बडोदेकरांना अभिमान आहे. शाळा दारात आली. पण लहान मुलाला शिकवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर शेजारी भावनगरात शोधले जात होते. वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर ते उभे होते. मूल हाताने उचलते, लावते, मोडते आणि त्यातून शिकते, हा त्याचा पाया. १९२३ मध्ये तेथे ताराबाई मोडक आल्या. मराठी बाई गुजरातेत राहिल्या, गुजरातीत लिहू लागल्या. आपल्यासारख्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

अडचण साधनांची होती. माँटेसरीचे मणी, दांडे, ठोकळे सुबक. पण गरिबाला परवडणारे नव्हते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथे चिंचोके, शिंपले, खडे, पाने हीच गणिताची पेटी झाली. एका पानावर एक चिंचोका ठेवला की ‘एकास एक’ कळते. लहान-मोठे खडे वेगळे केले की वर्गीकरण होते. दहा काड्यांची जुडी बांधली की दशक हातात येतो. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ पासून देशभर सुरू झालेल्या अंगणवाड्यांची मुळे या प्रयोगात आहेत.

आता आपल्या घरांकडे वळू. आपली नातवंडे इंग्रजी वा गुजराती माध्यमात शिकतात. हिशेबात ती हुशार आहेत, पण ‘एकोणचाळीस’ म्हटले की गोंधळून आपल्याकडे पाहतात. त्यात त्यांचाच दोष नाही. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा केवढा वाद झाला! मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली, ती मुलांची भीती कमी व्हावी म्हणूनच. आम्हाला वाटते, दोन्ही शब्द मुलांच्या कानी पडू द्यावेत. पण आधी हातात वस्तू द्यावी. शब्द नुसता रटवला तर जुनी छडीच परत येईल, आणि मुळीच उच्चारला नाही तर आपल्या घरातून तो कायमचा जाईल.

यासाठी वेगळा वर्ग नको. गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी करायची असते. ते काम यंदा आजीने एकटीने उरकू नये. दूर्वांचा ढीग मुलांपुढे ठेवावा. दहा-दहाच्या दोन जुड्या होतील, एक दूर्वा उरेल. वीस आणि एक, एकवीस. मोजताना चूक झाली तर रागावू नये, पुन्हा मोजू द्यावे. आरतीला पाच मिनिटे उशीर झाला तरी बाप्पा रागावणार नाही.